पुस्तक आधी दिरांनी वाचावं

आलेलं पत्र, थोडं आवरून:

"मॅडम, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून आत. सासरे एकाहत्तर वर्षांचे आहेत. दोनेक वर्षांपासून विसरत होते, आम्ही वयामुळे समजलो. आता नागपूरच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. कापसाचे पैसे मीच घेतले असं ते रोज म्हणतात. दिवस मावळला की आपल्याच ओसरीवरून 'मले घरी जाचं हाय' म्हणत उठतात. सासूबाईंना वाटतं ते मुद्दाम करतात. आमचे हे दिवसभर वावरात, मुलगी पाचवीत. पुण्याचे दीर म्हणाले, वहिनी, पुस्तकांची नावं सांगा, पाहिजे तेवढी मागवून देतो. मोबाइलवर पाहिलं तर ढीगभर दिसली, बहुतेक इंग्रजी. मी बारावी झाले आहे. सासूबाईंना वाचता येत नाही. सासरे सातवी शिकलेले, पेपर अजूनही हातात धरतात. पूर्वी गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवायचे. कोणतं पुस्तक घ्यावं? आणि ते त्यांच्यासमोर ठेवावं का? – एक सून"

ताई, आधी तुमच्या दिरांना उत्तर देते, पैसे तेच देणार आहेत म्हणून. भाऊ, पहिलं पुस्तक गावी पाठवू नका. स्वतःच्या पत्त्यावर मागवा आणि वाचून काढा.

मी तालुक्याच्या वाचनालयात नोकरी केली. या आजाराचं पुस्तक मागायला यायची ती बहुतेक घरातली अशी व्यक्ती, जिच्या हाताला क्षणाची उसंत नाही. पुस्तक घरी जायचं, देवळीत पडायचं आणि मुदत टळल्यावर दंडासकट परत यायचं. वाचायला सवड असते ती लांब राहणाऱ्याला, आणि खरं तर गरजही त्यालाच जास्त असते. रविवारी फोन केला की वडील पाच मिनिटं छान बोलतात. पाऊस पडला का, पोरगी कितवीत गेली, सगळं विचारतात. या आजारात सुरुवातीची काही वर्षं माणूस थोडा वेळ स्वतःला सावरून बोलू शकतो, पाहुण्यांसमोर तर हमखास. फोन ठेवला की लांबच्या मुलाला वाटतं, बाबा तर ठणठणीत आहेत, वहिनी जरा वाढवूनच सांगते. एक बरं पुस्तक वाचलेला दीर असं म्हणणार नाही.

त्यांच्यासाठी नाव सांगते. नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांचं 'द थर्टी-सिक्स अवर डे'. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनानं ते १९८१ मध्ये काढलं आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या अजून निघतात. सांभाळणाऱ्याचा दिवस छत्तीस तासांचा होतो, एवढंच ते नाव सांगतं आणि तेवढ्यावरच मला ते पटलं होतं. जाड आहे, इंग्रजी आहे. पण कादंबरीसारखं सलग वाचायचं नाही, अडचण काढायची आणि तेवढी पानं वाचायची. आवृत्ती मात्र नवीन घ्या. अंघोळ कशी घालावी हे चाळीस वर्षांत फारसं बदलत नाही, औषधांचं बदलतं.

तुमच्यासाठी विकतचं काही नको. जागतिक आरोग्य संघटनेनं घरी सांभाळणाऱ्यांसाठी 'आयसपोर्ट' नावाची पुस्तिका २०१९ मध्ये काढली. ती त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. तेवीस पाठ आहेत, त्यातले दहा नुसते वागणुकीतल्या बदलांवर: झोप न लागणं, तेच तेच विचारणं, भलता संशय, बाहेर निघून जाणं. इंग्रजी सोपं आहे. पाठ लहान आहेत, मध्येमध्ये कुठल्या तरी घरातला प्रसंग देऊन 'इथे तुम्ही काय कराल' असं विचारलंय. सगळी पुस्तिका छापून घेऊ नका. दारव्ह्याच्या झेरॉक्सवाल्याकडून आज नडणारे दोन पाठ काढून घ्या, बाकीचे मोबाइलमध्ये राहू द्या. तुमच्या पत्रावरून मी संशयाचा आणि निघून जाण्याचा असे दोन निवडले असते.

सासूबाईंचं काय? त्यांना वाचून दाखवायला तुम्ही बसलात तर ते सुनेचं बोलणं होईल. तेच मुलाच्या तोंडून आलं तर त्या ऐकतील, आपल्याकडची ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. दिरांनी पुस्तकातली दोन पानं आपल्या बोलीत सांगावीत आणि व्हॉट्सअॅपवर आवाज भरून पाठवावा. 'माय, बाबा मुद्दाम नाही करत' इथून सुरुवात करावी. एका वेळी एकच गोष्ट, तीन-चार मिनिटांत संपणारी. सासूबाईंचं पुस्तक ते हेच.

आता निवडायचं कसं, ते सांगते. उद्या कोणी नागपूरहून आणलं, वाचनालयात सापडलं, कुठं जाहिरात दिसली, तर नाव आणि लेखकाची पदवी बाजूला ठेवा. अनुक्रमणिका उघडा आणि तुमच्या घरातली अडचण शोधा. अंघोळीला नाही म्हणणं, चोरीचा आळ, रात्रीचं जागरण, कपड्यात लघवी होणं, हे शब्द तिथं आहेत का? असतील तर त्यातलं एक पान उघडून वाचा. 'संयम ठेवा, प्रेमानं वागा' एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक जागेवर ठेवून द्या. संयम ठेवायचा हे तुम्हाला कोणी सांगायला नको. मेंदूच्या रंगीत चित्रांवर अर्धं पुस्तक गेलं असेल तर ते विद्यार्थ्यांसाठी आहे.

चोरीच्या आळाचंच घ्या. चांगलं पुस्तक काय सांगेल? सासरे म्हणतात, 'कापसाचे पैसे तूच नेले.' तुम्ही म्हणता, 'मामाजी, पैसे बँकेत आहेत, हे बघा पासबुक.' ते चिडतात, कारण पासबुक त्यांना उलगडत नाही आणि आपण खोटे पडतोय एवढं मात्र कळतं. त्याऐवजी म्हणायचं, 'पैसे सापडत नाहीत? थांबा, मी पण शोधू लागते.' आणि खरंच उठून त्यांच्याबरोबर शोधायचं: उशीखाली, पेटीत, बंडीच्या खिशात. ते कुठं कुठं दडवतात ते त्यात तुम्हाला कळतं, तो वेगळा फायदा. एक जुनं पाकीट, त्यात थोड्या नोटा, कायम एका जागी ठेवायचं. ते सापडलं की बरेचदा तेवढ्यापुरतं निभतं. शोधता शोधता विषय बदलायचा, चहा मांडायचा. आळ त्यांनी तुमच्यावरच का घेतला? दिवसभर तुम्हीच समोर असता म्हणून. हे ज्या पानावर लिहिलंय ते पान सासूबाईंसाठी आधी भरून पाठवायला सांगा. हेही त्यांना सांगता येईल की ज्यांच्या नावावरून आजाराचं नाव पडलं त्या आलॉईस अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये ज्या बाईची हकीकत मांडली, तिच्या आजाराची सुरुवातच नवऱ्यावरच्या संशयानं झाली होती. म्हणजे संशय आधीपासून या आजाराच्या सोबत आहे, त्याचा तुमच्या घरच्या हिशोबाशी काही संबंध नाही.

'घरी जाचं हाय' याचंही तसंच. 'हेच तर घर आहे' हे बरोबर असलं तरी उपयोगाचं नाही. 'घरी कोण कोण आहे?' असं विचारा, बोलू द्या, चपला घाला आणि धुऱ्यापर्यंत जाऊन या. परत येताना ते बहुतेक शांत असतात. हे दिवस मावळताना वाढतं, तेव्हा दिवा लवकर लावा आणि त्या वेळी घरात कोणी तरी मोकळं राहील असं बघा.

दुसरी खूण मी फार महत्त्वाची मानते. 'अचानक बिघडलं तर' असं पान पुस्तकात असलंच पाहिजे. अल्झायमर हळूहळू वाढतो, महिन्या-वर्षांच्या चालीनं. काल जेवत होते, आज सुनेला ओळखत नाहीत, अंगावर धावतात, दिवसभर झोपतात, असं एक-दोन दिवसांत झालं तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजून घरी बसू नका. मागे दुसरं काही असतं: लघवीतलं इन्फेक्शन, न्यूमोनिया, तुंबलेलं पोट, नवीन सुरू केलेली गोळी, पडल्यामुळे डोक्याला लागलेला मार. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा नुसतं पाणी कमी पडूनही असं होतं. अशा माणसाला तहान लागल्याचं सांगता येत नाही, ते मागत नाहीत आणि आपल्या लक्षात येत नाही. तासातासाला हातात पाणी, ताक द्यायचं. आणि अचानक बदल दिसला की त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना 'आधी असे नव्हते, परवापासून आहेत' हे वाक्य पहिलं सांगा, नाहीतर जुनाच आजार समजून परत पाठवतील. यावर चकार शब्द नसलेलं पुस्तक मी तरी कुणाला दिलं नसतं.

आणि हो, जुन्या रिपोर्टांत बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झालीय का तेवढं बघून घ्या. या दोन्हींच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि त्यावर उपाय आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी केलीच असेल.

मुखपृष्ठावर 'अल्झायमर उलटवा', 'नव्वद दिवसांत स्मृती परत' असलं काही असेल तर पुस्तक उघडूही नका. खोबरेल तेल, अमुक चूर्ण, तमुक आहार यानं हा आजार बरा झाल्याचं कुणी सिद्ध केलेलं नाही. डोनेपेझिल, मेमँटाइन या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आराम पडतो, आजार थांबत नाही. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही शिरेतून द्यायची औषधं मान्य झाली. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्यांसाठी आहेत, आजाराची चाल थोडी मंदावतात, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. पुण्याहून किंवा व्हॉट्सअॅपवरून 'नवीन इंजेक्शन आलंय' असा निरोप येईलच, तेव्हा एवढं माहीत असू द्या. गावात करणी, बाहेरची बाधा असंही कानावर येईल. त्याच्याशी वाद घालत बसायला तुमच्याकडे वेळ नाही.

परदेशी पुस्तकातली एक अडचण दिरांना आधीच सांगून ठेवा. त्यातलं घर आपलं नसतं. तिथं गाडीची किल्ली लपवा, बाथटबला दांडा लावा, गॅसला झडप बसवा, असं लिहिलेलं असतं. तुमच्या घरात धोका कोठ्यात आहे. फवारणीचं औषध कुठल्या फळीवर ठेवलंय? अर्धी उरलेली बाटली, पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं तणनाशक? २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषानं आपल्या जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. ज्याला रंग, वास आणि चिठ्ठी यांचा मेळ लागत नाही त्याच्या हाताशी ते नकोच. कुलपाची पेटी करा, किल्ली तुमच्या कमरेला. मग मोटारीचा स्टार्टर: वर्षानुवर्षं तेच चालू करत आले असतील, हात आपोआप तिकडे जाईल. पेटीला कुलूप लावा. कठडा नसलेली विहीर, पेटती चूल, रात्री उघडं राहणारं फाटक, विळे, कुऱ्हाड. हे कुठल्याही पुस्तकात तुम्हाला सापडणार नाही. म्हणून सुरक्षिततेचं प्रकरण वाचताना मिस्टरांना सोबत घ्या आणि समासात पेन्सिलीनं आपल्या घरातली जागा लिहा. 'बाथटब' च्या शेजारी 'न्हाणीतला शेवाळलेला दगड' असं. वाचनालयाचं पुस्तक असलं तरी लिहा, मी परवानगी देते.

बाहेर निघून जाण्याची भीती असेल तर सदऱ्याच्या आतल्या बाजूला नाव, गाव आणि मोबाइल नंबर शिवून टाका. बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याला, किराणा दुकानदाराला आणि आशाताईला सांगून ठेवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

कायद्याचं प्रकरण मात्र सरळ उलटून पुढे जा. परदेशात माणसाचं भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडच्या साध्या मुखत्यारपत्राचं तसं नाही, देणाऱ्याची समज गेली की ते टिकत नाही. बँकखातं, सातबारा, मृत्युपत्र यांचं काय करायचं ते सासऱ्यांना अजून समजतंय तोवर, त्यांच्या मर्जीनं आणि दोन्ही मुलांच्या समोर विचारून घ्या. त्याला उशीर करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, हे वापरा.

शेवटच्या टप्प्यावरची प्रकरणंही आज वाचू नका. गिळता न येणं, अंथरुणाला खिळणं हे सगळं आत्ता वाचून झोप उडेल, उपयोग काही होणार नाही. तो काळ आला तर अल्झायमरच्या पुस्तकापेक्षा साधं घरगुती शुश्रूषेचं पुस्तक जास्त कामाला येतं: कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, भरवताना मान कशी धरायची. वाचनालयात विचारताना 'अल्झायमर' एवढंच विचारू नका. स्मृतिभ्रंश, डिमेन्शिया, वार्धक्य, रुग्णसेवा असं सगळं विचारा, नोंदवहीत कुठल्याही नावाखाली असू शकतं. गावच्या वाचनालयाला शासनाचं अनुदान मिळत असेल तर नवीन पुस्तकांच्या मागणीत तुमची मागणी लेखी द्या. लेखी मागणी बाजूला सारणं ग्रंथपालाला जड जातं, हे मी टेबलाच्या त्या बाजूनं सांगते.

आत्मकथनं हा वेगळा प्रकार. आईला, नवऱ्याला सांभाळलेल्या लेखकांनी लिहिलेली. 'मला त्यांचा राग आला, मी ओरडले, मग रात्रभर रडले' असं दुसऱ्या कुणाचं वाचलं की आपण एकट्याच वाईट नाही हे कळतं, आणि त्याची तुम्हाला गरज पडेल. पण त्यातून काय करायचं ते शिकू नका. त्या घरात दोन नर्स आणि एक ड्रायव्हर असू शकतो.

मुलीसाठी पुस्तक शोधण्यात वेळ घालवू नका. पाचवीतल्या पोरीला तोंडी सांगितलेलं पुरतं: आबाजींच्या मेंदूला आजार झालाय, तुझं नाव विसरले तरी तू त्यांना आवडतेस, आणि हा आजार तुला लागत नाही. हे तिसरं वाक्य विसरू नका, मुलं ते विचारत नाहीत पण मनात धरून बसतात.

खुद्द सासऱ्यांसाठीही एक पुस्तक लागेल, आणि ते तुम्हीच बनवायचं. साधी जाड वही घ्या. एका पानावर एकच फोटो, खाली ठळक अक्षरात नाव. लग्नातला फोटो, पुण्याचा मुलगा, पोळ्याला सजवलेली बैलजोडी, जुनं घर, मंडळातले सोबती. 'हे कोण, ओळखा' असं कधी विचारायचं नाही, ती परीक्षा होते. 'ही जोडी काय देखणी होती' असं म्हणून वही पुढ्यात ठेवायची आणि बोलतील तेवढं ऐकायचं. जुन्या आठवणी नव्यांपेक्षा जास्त काळ टिकतात, गाणी आणि पाठांतर तर त्याहून जास्त. तुम्ही खंजिरीचं लिहिलंत ते बरं केलंत. घरात ग्रामगीता असेलच. संध्याकाळी ते 'घरी जाचं' म्हणून उठायच्या थोडं आधी प्रार्थना लावा, खंजिरी हातात द्या, पोरीला शेजारी बसवा. ओव्या चुकल्या तर चुकू द्या. मंडळातला कुणी जुना माणूस आठवड्यातून एकदा येऊन सोबत म्हणणार असेल तर त्या अर्ध्या तासात तुम्ही दार लावून झोपा.

झोपेचं लिहिलं म्हणून दिरांना अजून एक सांगते. पुस्तकाबरोबर तुमचे चार दिवस पाठवा. स्वतः या, वडिलांपाशी राहा आणि वहिनींना माहेरी जाऊ द्या. तोवर कधी अगदीच जीव मेटाकुटीला आला, ताई, तर १४४१६ वर टेलिमानसला फोन लावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तो आजारी माणसाइतकाच सांभाळणाऱ्यासाठीही आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. सासरे वाचतात, तेव्हा 'अल्झायमर' असं मोठ्या अक्षरातलं मुखपृष्ठ ओसरीवर ठेवू नका. पोरीच्या वह्यांना घालता तसं खाकी कव्हर घाला आणि स्वयंपाकघरात ठेवा. पण त्यांनीच कधी विचारलं, 'मले काय झालं?' तर 'काही नाही' म्हणू नका. काही तरी झालंय हे त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं. 'विसरायचा आजार आहे मामाजी, डॉक्टरांची गोळी चालू आहे, आम्ही आहोत' एवढं सांगा. ते अजून काही विचारतील तर तेवढंच सांगा, आणि उद्या पुन्हा विचारतील तेव्हा पुन्हा सांगा.